पान उलटते हं

३ जुलै

धाकट्या,

हे पत्र तू उघडशील की पाकिटासह बाजूला ठेवशील, याचा अंदाज बांधण्यात मी वेळ घालवणार नाही. आई गेल्यानंतरचे तीन दिवस तू या घरात होतास आणि आपण दोघे मावशीमार्फत बोललो. "मावशी, त्याला विचार, चहात साखर किती." "मावशी, तिला सांग, अकरा वर्षांपूर्वी घ्यायचो तेवढीच." शेवटी मावशी कडाडली, "मला काय पोस्टखातं समजलात का रे दोघं?" तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून आता खरे पोस्टखाते वापरत आहे.

कारण कामाचे आहे. अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून अधीक्षिकाबाईंचे पत्र आले आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आईच्या आठवणीसाठी सभा घेणार आहेत आणि तिच्या कार्याविषयी मी 'दोन पानात' लिहावे, अशी विनंती आहे. ('पानांत' हवे होते. सात ओळींच्या पत्रात अशा तीन चुका. असो.) मी आरंभ केला आहे: "मातोश्रींनी रुग्णालयाच्या धुलाईघरातील पहाटेची पाळी व गृहकर्तव्ये सांभाळून एकोणीस वर्षे अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचे निरपेक्ष ध्वनिमुद्रण केले." हे मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान आहे गं. कुणाची आई ही?"

मावशीचे सोडून दे. मला तुझ्याकडून तपशील हवेत. तू कपड्यांच्या कपाटातले कप्पे काढून, आवाज घुमू नये म्हणून आत अंड्यांचे ट्रे ठोकून आईला वाचायला खोली करून दिलीस, तेव्हा तू दहावीत होतास की अकरावीत? पहिला टेपरेकॉर्डर कोणाचा होता? आणि आईने हे काम मुळात का सुरू केले, याची नोंद मला कुठे सापडत नाही. तुला काही आठवत असल्यास लिही.

शेवटची अकरा वर्षे तिने वाचन बंद केले होते, हे तुला ठाऊक आहेच. तब्येत मात्र चांगली राखली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन-दोन तास चालायला जात असे. दाराशी चपला घालताना म्हणायची, "कोणी आलं तर बसवून ठेव, येतेच." शेवटच्या महिन्यापर्यंत यात खंड नव्हता.

तुझ्या रागाचे कारण मला आजवर नीटसे कळलेले नाही. परंतु तो विषय या पत्राचा नव्हे.

तुझी ज्येष्ठ भगिनी


९ जुलै

धाकट्या,

उत्तर आले नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, तरी दोन दिवस टपालाच्या वेळी दाराशी माझे काही ना काही काम निघाले, हे नमूद करते.

काल एक प्रकार घडला. नळजोडणीवर आईचे नाव आहे. ते बदलण्यासाठी पाणीपुरवठा कार्यालयात फोन केला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "पाणीपुरवठा. कोन बोलतंय?"

माझा स्वभाव तू जाणतोस. मी म्हटले, "कोण. 'कोण बोलतंय' म्हणावं."

मला वाटले, आता हा फोन आपटणार. तेवढ्यात तो गृहस्थ, सरकारी कार्यालयात भर दुपारी, मोठ्याने ओरडला, "ण! आई, ण!"

मी गार पडले.

"ताई, तुम्हीच ना?" तो म्हणाला. "त्या टेपमधल्या? 'ण, आई, ण! पुन्हा म्हण!' तुम्हीच! अहो, आवाज जरासुद्धा बदलला नाही. थोडा जाड झालाय, एवढंच."

हा त्या कार्यालयातला टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून अंध, वसतिगृहात वाढला, आईच्या कॅसेटी ऐकून पदवीधर झाला. त्याच्याकडून कळले ते असे: मी एम.ए.ला असताना आई कपाटात बसून वाचायची आणि मी शेजारच्या खोलीतून तिचे उच्चार सुधारायचे, ते सारे कॅसेटींवर उतरले आहे. ती 'आनि' म्हणते, मी ओरडते, ती म्हणते, "हो गं मास्तरीनबाई. आ-णि," आणि पुढे वाचू लागते. कुकरची शिट्टी आहे. तुझा खोकला आहे. तू एकदा "आई, माझा मोजा कुठंय?" असे राज्यशास्त्राच्या चौथ्या प्रकरणात विचारले आहेस आणि तिने राज्यघटनेचे कलम न थांबवता, त्याच सुरात, "दोरीवर" असे उत्तर दिले आहे. वसतिगृहातल्या किती तुकड्यांनी ते कलम 'दोरीवर'सह पाठ केले असेल, देव जाणे.

"आमच्यात कुणी काही चुकलं, भात करपला, बस चुकली, की सगळे ओरडायचे: ण, आई, ण!" तो म्हणाला. मग त्याने एकदम विचारले, "चौदाआई कशा आहेत?"

आईला ते चौदाआई म्हणत, असे दिसते. तिचा वाचक क्रमांक चौदा होता. मी त्याला बातमी सांगितली. मागे दुसरे फोन वाजत होते, ते त्याने वाजू दिले.

"म्हणून गेल्या महिन्यात मी गेलो होतो त्या मंगळवारी आल्या नाहीत. त्यानंतर मला जमलंच नाही जायला," तो म्हणाला.

"कुठं आल्या नाहीत?"

"वसतिगृहात. वाचायला."

अकरा वर्षे, धाकट्या. मी तिला बाजारातून चालण्यासाठी मऊ तळव्यांचे बूट आणून दिले होते.

तुझी बहीण


१४ जुलै

धाकट्या,

आज वसतिगृहात जाऊन आले. ऑपरेटरने रजा टाकली होती. मीच त्याला रस्ता दाखवीन, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्याने मला दाखवला. जिन्याशी म्हणाला, "सांभाळून, सातवी पायरी खोटी आहे," आणि मी, दोन्ही डोळे शाबूत असलेली, सातव्या पायरीवर अडखळले.

आई जिथे वाचायची ती खोली पाहिली. लांब बाक, खिडकीत पाण्याची बाटली, भिंतीवर काहीच नाही, कारण तिथे भिंतीकडे बघणारे कोणी नाही. ती टेबलाशी न बसता बाकाच्या मधोमध बसायची, म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना सारखा जातो. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "त्या स्वतःहून आल्या होत्या. म्हणाल्या, टेपवर नको तर नको, समोर बसून वाचलं तर कोण तपासतंय? आम्हाला काय, आम्ही खुर्ची दिली. ती त्यांनी परत दिली." आणखी बरेच कळले. परीक्षेच्या दिवसांत ती मुलींचे केस विंचरता विंचरता इतिहासाची उजळणी घ्यायची. कोणाची फाटकी उशी दिसली की घरी नेऊन शिवून आणायची. आपल्या घरात मशीनवर ज्या परक्या उशा दिसायच्या, त्या रुग्णालयाच्या आहेत, असे मी गृहीत धरले होते. विचारण्याची तसदी घेतली नव्हती.

आता मुद्द्यावर येते. जिन्याखालच्या कोठीत आईच्या कॅसेटींची खोकी आहेत. एकूण तीनशे बारा. अकरा वर्षांपूर्वी ध्वनिग्रंथालयाने निवडक कॅसेटी संगणकावर चढवल्या, तेव्हा तपासणी समितीने चौदा क्रमांक नाकारला होता, म्हणून त्या तशाच पडून राहिल्या. ही कोठी एकतीस जुलैला रिकामी करायची आहे. त्यानंतर खोकी भंगारात जातील. अधीक्षिकाबाई नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, "ज्यांनी नाकारलं त्यांनी लेखी मागे घेतल्याशिवाय मला त्या चढवता येत नाहीत. आणि चढवायला त्या वाजायला तर हव्यात!" फितींना पांढरी बुरशी धरली आहे. दुरुस्तीवाल्याने एक उघडून पाहिली आणि हात जोडले.

एक मात्र वाजली. शेवटची. दीपगृहाच्या रखवालदारावरची ती जाडजूड कादंबरी तुला आठवते? ती आईने एकशे त्रेचाळीस पानांपर्यंत वाचली होती. रखवालदाराची मुलगी भांडून होडीत बसते, वादळ सुटते, आणि आई म्हणते, "पान उलटते हं." मग कागदाचा आवाज. मग काही नाही.

प्रत्येक पानाच्या शेवटी ती हे म्हणत असे, ते मी विसरले होते. 'पान' हा शब्द तेवढा ती निर्दोष उच्चारायची.

"पुढं काय होतं हो त्या मुलीचं?" ऑपरेटरने मला विचारले. अकरा वर्षे हा माणूस त्या वादळात अडकून आहे. तो म्हणाला, मंगळवारच्या वाचनात त्यांनी त्या पुस्तकासाठी आईचा किती पिच्छा पुरवला, पण तिने एकदाही ते हातात घेतले नाही. म्हणायची, "ते माझं नाही आता. घरच्यांचं आहे. ते पुरं करतील."

फितीचे पोट उघडून, बुरशी साफ करून, नव्या कवचात घालण्याचे काम मला माहीत असलेल्या माणसांपैकी एकच करू शकतो. तो रेडिओ केंद्रात ध्वनितंत्रज्ञ आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

समितीच्या अभिप्रायाचे मी पाहून घेईन. त्या वेळी वाचकांची नावे झाकलेली असत, केवळ क्रमांक असे, हे तू ध्यानात घ्यावेस.

तुझी बहीण


१७ जुलै

धाकट्या,

मागच्या पत्रातले शेवटचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि लबाड आहे. ते लिहून झाल्यापासून मला चैन नाही.

नाव झाकलेले होते. आवाज झाकलेला नव्हता. मी शब्दकोशाची संपादक, उच्चारांची तज्ज्ञ म्हणून त्या समितीवर बसले होते. टेबलावर पाण्याचा पेला, कानांवर यंत्र, समोर छापील पत्रक. कळ दाबली आणि पहिल्या श्वासाला मी तिला ओळखले. शब्दाला नव्हे, श्वासाला. वाचण्यापूर्वी ती कशी नाकाने हवा ओढते, ते तुला ठाऊक आहे. शेजारी माझे दोन सहकारी बसले होते. आईने 'प्रमान' म्हटले आणि त्यांतला एक हसला. धाकट्या, तो हसला आणि मला लाज वाटली. त्याची नव्हे, तिची. मी लिहिले: "उच्चार अशुद्ध. सदर वाचकास पुढील काम देऊ नये." ही निःपक्षपाती वृत्ती आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. अकरा वर्षे घालत होते.

ते पत्रक घरी आले, सही नसताना तू माझे अक्षर ओळखलेस आणि दारात उभा राहून म्हणालास, "तू आईला नापास केलंस, ताई. आता तुझ्या शाळेत मला नाव घालायचं नाही." तुझ्या रागाचे कारण कळले नाही, असे मी पहिल्या पत्रात लिहिले. ते खोटे होते.

आणखी एक. आईने हे काम का सुरू केले याची नोंद सापडत नाही, असेही लिहिले. नोंद माझ्याकडे आहे. बी.ए.च्या परीक्षेआधी माझ्या डोळ्यांना जंतुसंसर्ग झाला, तीन आठवडे पट्टी होती. तू लहान होतास, तरी मला भिंतीवर आपटताना पाहून हसायचास, ते आठवत असेल. आईने रोज धुलाईघरातून येऊन, साबणाने भेगाळलेल्या हातांत ते जाड व्याकरण धरून, एक अक्षर न कळता, मला सगळे वाचून दाखवले. पानाच्या शेवटी श्वास घ्यायला थांबायची, तेव्हा मी घाबरून विचारायचे, "आई, गेलीस का?" म्हणून ती सांगू लागली, "पान उलटते हं." मी पहिल्या वर्गात पहिली आले. माझी सगळी विद्या त्या 'न'मधून माझ्यात आली आहे. पट्टी सुटली त्या दिवशी ती म्हणाली होती, "तुझी तीन आठवड्यांनी सुटली. ज्यांची सुटतच नाही त्यांना कोन वाचून दाखवत असंल गं?"

तिची पहिली श्रोती मी. तिला नाकारणारीही मीच.

तिला हे ठाऊक नव्हते, अशी आशा मी बाळगून होते. आज ऑपरेटरला फोन करून विचारले. तो आधी घुटमळला, मग म्हणाला, "माहीत होतं की. आम्हाला हसत सांगायच्या." तिचे शब्द त्याने तिच्याच आवाजात म्हणून दाखवले. मी जसेच्या तसे उतरवते:

"माझ्याच पोरीनं नापास केलं मला. आपल्या आईला पास करायला काय लागतं? पन ती नाही ना तसली! फक्त तिला एक कळायचं राहिलंय. ऐकनाऱ्याला 'न' का 'ण' ते नको असतं. पुढं काय झालं, ते हवं असतं. कळंल. हुशार आहे ती, जरा वेळ लागतो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तिच्या कपाटात जाऊन बसले.

पहिल्या पत्रात तिचे एक वाक्य मी दुरुस्त करून लिहिले होते. ती "कोणी आलं तर" असे म्हणत नसे. "कोनी आलं तर" म्हणत असे.

अधीक्षिकाबाईंना लेखी दिले आहे, त्याची प्रत सोबत जोडते: "वाचक क्रमांक चौदा यांच्याविषयीचा माझा अभिप्राय मी मागे घेत आहे. त्यांच्या उच्चारांविषयीचे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वस्वी चूक होता. आवाज ओळखूनही मी तो ओळखला नाही असे दाखवले, हा माझा दोष आहे." बाईंनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एवढं नसतं लिहिलं तरी चाललं असतं हो." मला चालले नसते.

दोन अटी होत्या. माझी पुरी झाली. दुसरी तुझ्या हातांत आहे. चौदा दिवस उरले आहेत. माझ्यासाठी येऊ नकोस, तो हक्क मी गमावला आहे. त्या वादळातल्या मुलीसाठी ये.

ताई


२६ जुलै

धाकट्या,

तुझे कार्ड मिळाले. "शुक्रवारी येतो. सुट्टी काढली आहे. स्पिरीट, कापूस आणि रिकामी कॅसेटची कवचे जमव. मावशीला मधे घालू नको, थेट बोलू." चार ओळींत दोन चुका आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही. कार्ड आरशाच्या चौकटीत खोचले आहे, चुकांसह.

स्पिरीट आणले. कवचे ऑपरेटरने वसतिगृहातल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून जमवली. आतापर्यंत एकशे नव्वद. प्रत्येक जण पिशवी देताना विचारतो, "ण-ताई त्याच का?" मी आता मान्य करते. मावशीला तुझे कार्ड वाचून दाखवले, तर म्हणाली, "अकरा वर्षांनी पोस्टखात्याला सुट्टी मिळाली म्हणायची!" आणि पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली.

स्मरणलेख मी फाडून टाकला. सभेत मी बोलणार नाही. सभेत कादंबरीचा पुढचा भाग ऐकवायचा, असे ठरले आहे. काल त्याची सुरुवात केली. तू ठोकलेले अंड्यांचे ट्रे अजून शाबूत आहेत. एक निघाला होता, तो मी चिकटवला. वाकडा बसला आहे, तुला दिसेलच. आईच्या स्टुलावर बसले, दार ओढून घेतले आणि एकशे चव्वेचाळिसावे पान वाचले. ऑपरेटर बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होता. माझा एकही शब्द अडखळला नाही. प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. दार उघडून मी विचारले, "कसं झालं?"

तो म्हणाला, "ताई, चूक काढायला जागा नाही. पण वादळ सुटलंय आणि तुम्ही बातम्या देताय."

माझ्या आयुष्यात मला कोणी असे नापास केलेले नव्हते. क्षणभर राग आला, तो तुला सांगितलाच पाहिजे. मग विचारले, "काय करू?"

"आई पान उलटताना सांगायच्या. तेवढ्यात आम्ही श्वास घ्यायचो. आणि घाई करायच्या नाहीत. त्यांनाही पुढचं माहीत नसायचं ना! तुम्हाला माहीत आहे, ते ऐकू येतं."

मला माहीत होते. मी शेवटचे प्रकरण आधीच वाचून टाकले होते. ते विसरायचे ठरवून पुन्हा बसले. मुलगी होडीत होती, दिवा दिसत नव्हता, बाप वर काच पुसत होता. आणि ती वल्हे उचलते त्या वाक्यावर, गेले दोन आठवडे तिचाच आवाज कानात भरून राहिल्यामुळे असेल, माझ्या तोंडून स्पष्ट, ठळक, निःसंदिग्ध 'आनि' निघाला.

बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तो गडी घर दणाणेल असा ओरडला, "ण! ताई, ण!"

मी हसले, धाकट्या. तू भिंतीवर आपटणाऱ्या मला पाहून हसायचास, तशी पोट धरून हसले. म्हटले, "हो रे मास्तरा. आ-णि." आणि पुढे वाचले. पानाच्या शेवटी न ठरवता जे म्हणायचे ते म्हणून गेले.

तो भाग मी पुसलेला नाही. तूही पुसू नकोस. फिती साफ करायला बसण्याआधी तो ऐक, कपाटातच बसून ऐक. तिथे अजून तिच्या हातांचा साबणाचा वास आहे, किंवा मला तसा येतो.

कागदाची ही बाजू संपली. पान उलटते हं.

गाडी किती वाजता पोहोचते ते कळव. मोजे दोरीवर आहेत.

ताई